संघाचं कर्ज माफ झालेलं नाही!

शनिवारच्या बैठकीला आमच्या बेळगावातल्या वडगावच्या संघातल्या, म्हणजे महिला बचत गटातल्या, पाच जणी हप्ता न आणताच आल्या. माझी सख्खी नणंदही त्यात. तिनं मोबाईलच पुढं केला: ‘सरकारने सर्व महिला संघांची कर्जे माफ केली. हप्ता भरू नका. वसुलीला आल्यास १० वर्षे जेल. संघ म्हणजे सावकारीच. पापड लाटून कुणाचं भलं झालंय?’

यामागचा वटहुकूम खरा आहे, कबूल. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारनं काढलेला. कन्नड शाळेत जाणाऱ्या माझ्या मुलाकडून ओळ न् ओळ वाचून घेतला. (कायदा कन्नडात आणि अफवा मराठीत, मग आमच्या गल्लीत काय पोचणार?) धमक्या देऊन, छळून वसुली केली तर १० वर्षांपर्यंत कैद, हेही खरं. पण माफी कुणाची? नोंदणी नसलेल्या, परवाना नसलेल्या सावकारांच्या कर्जाची. बँकेच्या कर्जाची नव्हे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या फायनान्सचीही नव्हे. आपण आठवड्याच्या हप्त्याच्या फायनान्सलाही ‘संघ’ म्हणतो आणि बचत गटालाही ‘संघ’. घोळ तिथंच झालाय.

आणि समजा, बँकेनं उद्या सोडलंच. पण संघानं स्वतःच्या पेटीतून दिलेल्या अंतर्गत कर्जाचं काय? मागच्या महिन्यात एकीनं मागाची मोटर जळली म्हणून ८,००० उचलले. ते पैसे आले कुठून? महिन्याला शंभर-शंभर टाकलेल्या आम्हा बायकांच्या पेटीतून. त्यात एक भांडी घासणारी मावशी आहे. तिचे पैसे कोणतं सरकार माफ करणार?

शिवाय केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानात वेळेवर फेडणाऱ्या महिला गटाला बँकेचं व्याज ७ वरून ४ टक्क्यांवर यायचं. आम्हाला ते मिळालंय, पासबुकात नोंद आहे. हप्ता चुकला की ती सवलतच बंद व्हायची.

सावकारी म्हणे! १९९२ मध्ये नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेनं ५०० गट बँकेला जोडून हे सुरू केलं. पेटीतल्या कर्जाचं व्याज पेटीतच राहतं, सावकाराच्या घरी जात नाही.

पापडाचं मात्र थोडं खरं आहे. पावसाळ्यात वाळत नाहीत, आणि प्रत्येक गल्लीत पापडच. म्हणून तर आम्ही पदराला गोंडे आणि फॉल-पिको धरलं.

बँकेची तारीख १०. पाचपैकी तिघींनी काल पैसे आणून दिले. नणंद अजून यायची आहे.