‘गाईडमधून उतरवलंय’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार, ‘एक वाचक’.

स्पंज या पाण्यातल्या प्राण्यांवरच्या माझ्या लेखाखाली आपण तीन गोष्टी नोंदवल्यात. लेखात आकृती नाही. ‘स्पंजांना ऊतकं नसतात’ हे विधान सरसकट झालं, कारण होमोस्क्लेरोमॉर्फा या स्पंजांच्या गटात पेशींच्या थराखाली आधारपटल (खऱ्या ऊतकाची खूण मानला जाणारा पातळ पडदा) असतं. आणि ‘एकूण लेख बारावीच्या गाईडमधून उतरवल्यासारखा वाटतो, सर, वाचन वाढवा.’

आकृती हवी होती, मान्य. रविवारी टाकतो.

आता ते गाईड. मुद्दा खोडायचा तर खुशाल खोडा, पण हा सूर कशाला? नाशिकला समुद्र नाही हे मलाही ठाऊक आहे. तरी इथल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेत माझी नोकरी गेली. बरणीत स्पिरिटमध्ये ठेवलेला, पिवळट पडलेला सायकॉन हा समुद्री स्पंज असायचा. त्याचा कणभर तुकडा काचपट्टीवर घ्यायचा आणि त्यावर ब्लीचचे दोन थेंब टाकायचे. मांसल भाग विरघळतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तीन टोकांच्या काचेसारख्या कंटिका, म्हणजे स्पंजाच्या सांगाड्याचे बारीक काटे, उरतात. मग ब्लीच नीट धुऊन (न धुता पुढे गेलात तर क्लोरीन नाकात जातो, पोरांना दरवर्षी सांगावं लागायचं) सौम्य आम्लाचा थेंब सोडायचा. बुडबुडे येतात आणि कंटिका दिसेनाशा होतात, कारण त्या कॅल्शियम कार्बोनेटच्या. सिलिकाच्या असत्या तर तशाच राहिल्या असत्या. हे गाईड वाचून येत नाही हो.

कॉलर पेशींचा (स्पंजाच्या आतल्या, गळपट्टीसारखी कडा असलेल्या पेशींचा) परिच्छेद तुम्हाला गाईडछाप वाटला असेल. पण भिंतीतल्या बारीक छिद्रांतून पाणी आत येतं, या पेशींच्या कशाभिका (चाबकासारखे हलणारे धागे) ते पुढे ढकलतात, कॉलरला अडकलेले जीवाणू पेशी गिळते आणि पाणी वरच्या मोठ्या छिद्रातून बाहेर जातं, हे मी आणखी कसं सांगायला हवं होतं? वृत्तात? ते वरचं छिद्र तोंड नव्हे, पाणी बाहेर जायची वाट आहे, हेही लिहिलं होतं. प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी १९०७ साली स्पंज रेशमी कापडातून पिळून पेशी सुट्या केल्या आणि त्या पुन्हा एकत्र येऊन स्पंज झाला, हेही त्याच लेखात आहे. तुमच्या गाईडात ते कितव्या पानावर आहे, तेवढं कळवा. की तिथपर्यंत वाचलंच नाहीत?

राहिलं ऊतकांचं. होमोस्क्लेरोमॉर्फा गट लहानसा आहे, लेख एमएस्सीच्या पोरांसाठी नव्हता, आणि अशा बारकाव्यांत शिरलो असतो तर ‘क्लिष्ट लिहिता’ म्हणून दुसरी प्रतिक्रिया आली असती. एवढं पुरे.

पुढच्या वेळी मात्र नाव घालून लिहा. नाशिकचेच असाल, तर माझ्याच प्रॅक्टिकलला बसलेले निघायचात.