सलाईन नको, गावची सुई चालेल? एका फॉरवर्डला उत्तर

“एमएसच्या पेशंटला बायपोलर असेल तर स्टेरॉईडची सलाईन लावू नये, वेड लागतंच. लावलीच तर तेवढे दिवस डोक्याच्या गोळ्या बंद ठेवाव्या, दोन गरम औषधं एकत्र चालत नाहीत. त्यापेक्षा गावात साधी सुई घ्यावी. न्यूरोच्या डॉक्टरला मानसिक आजाराचं सांगू नये, तो हात लावत नाही.” हा मजकूर आमच्याकडे सगळ्या गटांवर फिरून राहिला आहे. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करते. बायपोलर म्हणजे मन कधी उन्मादात चढतं, कधी नैराश्यात बसतं तो आजार. मला हे दोन्ही आजार आहेत आणि राहते यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात, त्यामुळे काळजीपोटी नात्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी तो मलाच पाठवला. म्हणून हे उत्तर.

वेड लागतंच, हे खोटं आहे. धोका आहे, हे मात्र खरं. अमेरिकेत बोस्टनच्या एका प्रकल्पाने रुग्णालयांत दाखल रुग्ण तपासून १९७२ साली आकडे दिले होते. रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन हे स्टेरॉईड घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के लोकांना मानसिक त्रास झाला, ४१ ते ८० मिलिग्रॅममध्ये ४.६ टक्के, आणि ८० च्या वर १८.४ टक्के. एमएसच्या झटक्याला सलाईनमधून देतात ते मिथाइलप्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉईड, बहुतेकदा रोज १००० मिलिग्रॅम, तीन ते पाच दिवस. प्रेडनिसोलोनच्या (प्रेडनिसोनइतक्याच ताकदीचं स्टेरॉईड) हिशेबात ते रोजचे सुमारे १२५० मिलिग्रॅम होतात. तेव्हा घाबरणारा मूर्ख नाही. पण ते आकडे बायपोलरच्या रुग्णांचे नव्हते, म्हणून आपल्या बाबतीत टक्का सांगता येत नाही. मागच्या वेळी काही झालं नाही म्हणून या वेळी होणार नाही असंही नसतं, आणि उलटही नसतं.

खरा प्रश्न मेसेजमध्ये आलाच नाही: स्टेरॉईड लागणार आहे का? झटका म्हणजे नवी लक्षणं, किंवा जुनीच पुन्हा बळावलेली, निदान २४ तास टिकणारी, आणि ताप किंवा संसर्ग नसताना आलेली. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अंग तापलं की एमएसमध्ये नजर धूसर होते, पाय ओढतो, आणि अंग थंड झालं की उतरतं. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टराने हे १८९० सालीच लिहून ठेवलं आहे. याला स्टेरॉईड लागत नाही, सावली, पाणी आणि ओला दुपट्टा लागतो. लघवीच्या संसर्गानेही असंच होतं, म्हणून सलाईनआधी लघवी तपासतात.

लिथियमवर (बायपोलरमध्ये मूड सावरणारं औषध) असाल तर तिसरी शक्यता सगळ्यात फसवी. उन्हात घाम गेला, उलट्या-जुलाब झाले, किंवा कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक नाहीतर आयब्युप्रोफेनच्या गोळ्या घेतल्या, की रक्तातलं लिथियम वाढू शकतं. मग हात थरथरतात, चाल झोकांड्या खाते, जीभ जड होते. घरच्यांना वाटतं एमएसचा अटॅक आला. तेव्हा आधी दवाखाना गाठून रक्तातलं लिथियम बघून घ्या, मग स्टेरॉईडचं बोला.

झटका खराच असेल तरीही प्रत्येकाला सलाईन लागत नाही. स्टेरॉईडने बरं होणं लवकर होतं. पुढे किती अपंगत्व राहील ते त्याने ठरत नाही. नुसत्या मुंग्या असतील तर थांबता येतं. दिसेनासं झालं किंवा उभं राहता येईना, तर घेण्याला अर्थ आहे. हे फायद्या-तोट्याचं वजन डॉक्टरसोबत बसून करायचं असतं.

डोक्याच्या गोळ्या बंद ठेवायचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. मूड सावरणारं औषध ज्या आठवड्यात सगळ्यात जास्त हवं, त्याच आठवड्यात ते काढून घ्यायचं! लिथियम अचानक सोडलं तर त्यानेच उन्माद येऊ शकतो. उलट मनोविकारतज्ज्ञ त्या दिवसांपुरती एखादी गोळी वाढवतात. काही औषधं एकमेकांत ढवळाढवळ करतात हे खरं आहे: बायपोलरवर देतात त्यातल्या कार्बामाझेपिनमुळे मिथाइलप्रेडनिसोलोनचा असर कमी होतो, ओलान्झापिन आणि स्टेरॉईड दोन्ही साखर वाढवतात. त्यासाठी डोस बघतात, साखर तपासतात. गरम-थंड हा हिशेब तिथे कामाचा नाही.

आता ती “साधी सुई”. गुडघेदुखीपासून तापापर्यंत जी टोचतात ती पुष्कळदा डेक्सामेथासोनच असते, म्हणजे तेही स्टेरॉईडच. आठ मिलिग्रॅमची सुई प्रेडनिसोलोनच्या ५० मिलिग्रॅमहून जास्त पडते. म्हणजे सलाईन टाळून स्टेरॉईडच घेतलं, तेही कोणाची नजर नसताना. पुडीतल्या बिननावाच्या गोळ्यांचंही तेच. त्या महिनोन्‌महिने खाऊन एकदम थांबवल्या तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड बनणं मंदावलेलं असतं आणि जिवावर बेतू शकतं. तीन-पाच दिवसांच्या सलाईनला सहसा ती अडचण येत नाही.

घरच्यांनी झोप बघावी. सलाईन सकाळी लावून घ्यावी, म्हणजे रात्र जरा तरी वाचते. दोन-तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना, बोलणं थांबेना, पैसा उडवणं सुरू, हे दिसलं की त्याच दिवशी फोन करायचा. आमच्याकडे एक घोळ आहे: शेतीची लाईन रात्रीची असली की अर्धं गाव दोन वाजता ओलिताला उठतं, मग कोण कामाला उठला आणि कोणाची झोप उडाली हे कळतच नाही. विचारायला लागतं. सलाईन संपल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवा, कारण तेव्हा मन खाली बसू शकतं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

न्यूरोच्या डॉक्टरला सांगू नका म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं: मग लिथियम चालू आहे हे त्याला कोण सांगणार? मी दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते. सोबत एक कागद: कोणती गोळी किती, लिथियमची शेवटची तपासणी कधी, मागच्या स्टेरॉईडला काय झालं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्या वतीने बोलणारा माणूस आधीच लेखी नेमता येतो. माझ्या कागदावर जाऊबाईंचं नाव आहे. हाच मेसेज त्यांनीही मला पाठवला होता.