लॉट मोठा केला म्हणून सेटअप लहान होत नाही

एसएमटी लाइनसाठी (सर्किट बोर्डावर मशीनने पार्ट बसवणारी लाइन) एक सल्ला सगळीकडे फिरतोय: लॉट मोठे घ्या, एकाच ग्राहकाचे बोर्ड सलग लावा, क्रम सॉफ्टवेअर ठरवेल, सेटअपचा वेळ, म्हणजे एका बोर्डावरून दुसऱ्यावर जाताना मशीन तयार करायला लागणारा वेळ, आपोआप घटतो.

'लॉट मोठे घ्या.' दोन-दोन हजारांचे चार लॉट एकदम काढले की चार सेटअपचा एक होतो, कबूल. पण त्या एका सेटअपचं मिनिटही कमी झालेलं नसतं. जास्तीचे सहा हजार बोर्ड रॅकवर पडतात, तेवढ्यात डिझाइन बदललं की रीवर्क. टोयोटात जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या बाबतीत उलटी वाट धरली होती: जी तयारी मशीन चालू असताना होऊ शकते, ती थांबवून करायचीच नाही. आपल्याकडे त्याचा अर्थ भरून ठेवलेली दुसरी फीडर ट्रॉली (फीडर म्हणजे मशीनला पार्टची टेप पुरवणारं साधन).

'एकाच ग्राहकाचे बोर्ड सलग.' मशीनला ग्राहक कळत नाही, स्लॉट कळतात, म्हणजे फीडर बसवायच्या जागा. समजा १०० स्लॉट आहेत. 'अ' बोर्डाला ६० फीडर लागतात, 'ब'ला ५५, त्यांतले ४० सामाईक. दोन्ही मिळून ७५. म्हणजे एकदा भरलं की अ-ब-अ-ब कसंही चालवा, फीडरला हात लावायचा नाही. 'क'ला ५० लागतात, त्यातले २० आधीच लागलेत. नवे ३०, रिकामे स्लॉट २५. काढायचे फक्त पाच. आता हा 'क' दुसऱ्याच ग्राहकाचा असला तर काय बिघडलं? (रुंद टेपचे फीडर एकाहून जास्त स्लॉट खातात, ते धरायला विसरू नका. आणि फीडर लावून ठेवला म्हणजे पार्ट टिकला असं नाही: एमएसएल ३ या ओलाव्याच्या संवेदनशीलतेच्या श्रेणीतला पार्ट पाकीट फोडल्यावर, ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत, १६८ तासच चालतो.)

राहिलं सॉफ्टवेअर. सेटअपला किती वेळ लागेल, हे आधी कोणता जॉब चालला होता त्यावरही ठरतं. रीफ्लो ओव्हन, म्हणजे सोल्डर वितळवणारी भट्टी, तापतो लवकर, निवायला वेळ घेतो. म्हणून शिशाच्या सोल्डरवरून जास्त तापमान लागणाऱ्या बिनशिशाच्या सोल्डरवर जाणं सोपं, उलट येताना ऑपरेटर तापमान उतरायची वाट बघत उभा. बहुतेक ठिकाणी मात्र प्रत्येक जॉबपुढे 'सेटअप ४५ मिनिटं' असा एकच आकडा भरलेला असतो. मग दहा जॉबचे ३६,२८,८०० क्रम तपासले तरी प्रत्येकाची बेरीज ४५० मिनिटंच येणार.