गोल्फचे मैदान आणि त्याचे फाटक

गेले काही दिवस गोव्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक मजकूर फिरत आहे. गोल्फ हे श्रीमंतांचे चोचले आहेत, क्लबचे सदस्यत्व आणि काठ्यांचा लाखाचा संच नसेल तर तिथे कोणी उभे करत नाही, त्यात अंगमेहनत नाहीच, आणि वर हिरवळीसाठी गावाचे पाणी जाते, असा त्याचा सूर आहे. यातील पाण्याचा मुद्दा सोडला तर बाकीचे टिकण्यासारखे नाही.

सदस्यत्वाचा समज कसा झाला, हे कळते. काणकोणला राजबाग येथे गोल्फचे मैदान आहे ते पंचतारांकित हॉटेलच्या आवारात, त्यामुळे आपल्याला हा खेळ दिसतो तो कुंपणाबाहेरूनच. परंतु दिल्लीत लाडो सराय येथे दिल्ली विकास प्राधिकरणाचे कुतुब गोल्फ मैदान २००० सालापासून सार्वजनिक आहे. तिथे शुल्क भरून, सदस्य नसलेला माणूसही खेळतो. ज्या स्कॉटलंडमधून हा खेळ जगभर गेला, तिथल्या सेंट अँड्र्यूजच्या माळावर शहरवासीयांचा खेळण्याचा हक्क १५५२ च्या सनदेतच नोंदलेला आहे, आणि तिथल्या ओल्ड कोर्सवर एरवी रविवारी खेळ बंद असतो तेव्हा लोक कुत्री घेऊन फिरायला येतात. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक, माळावर पोरांचे क्रिकेट पाहत वाढलेल्या गोवेकराला यात नवल वाटू नये.

लाखाच्या संचाबद्दल एवढेच की नियमाने चौदापेक्षा जास्त काठ्या बाळगता येत नाहीत. कमीत कमी किती असाव्यात, याबद्दल नियम काहीच म्हणत नाही. शिकणाऱ्याला चार-पाच पुरतात, त्याही भाड्याच्या चालतात. आणि हा केवळ शेठजींचा खेळ असता, तर दिल्लीत कॅडी, म्हणजे खेळाडूच्या काठ्या वाहणारा, म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांना १९९१ साली इंडियन ओपन स्पर्धा जिंकता आली नसती.

अंगमेहनतीच्या मुद्द्यावर मात्र मी स्वतः साक्षीदार आहे. भावाकडे दिल्लीला गेलो असता, थंडीतल्या एका सकाळी लाडो सरायला अठरा होल, म्हणजे मैदानाचे अठरा टप्पे, खेळलो. पहिला चेंडू जेमतेम दहा पावलांवर गवतात जाऊन बसला, तेव्हा कॅडी शांतपणे म्हणाला, "सिर मत उठाइए, सर." दुसऱ्या होलपर्यंत बूट दवाने चिंब झाले होते. खळीभोवतीच्या आखूड हिरवळीवर चेंडू उचलताना त्याच्या जागी मागे नाणे ठेवायचे, चेंडू आदळून पडलेला खळगा काटकीने सारखा करायचा, हे सगळे त्यानेच शिकवले. चार तासांहून अधिक चाललो आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांनी त्याचा हिशेब मागितला. सोबतचा गृहस्थ माझ्यापेक्षा कितीतरी सरस होता, तरी हँडिकॅपच्या पद्धतीत कच्च्या खेळाडूला जादा फटक्यांची सवलत मिळत असल्यामुळे सामना शेवटपर्यंत जिवंत राहिला. फुटबॉलमध्ये अशी सोय कुठे आहे?

राहिले पाणी. सेंट अँड्र्यूजच्या वाळूच्या माळावर बाराही महिने पाऊस पडतो. आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळतो आणि दिवाळीनंतर सड्यावरचे, म्हणजे कातळी पठारावरचे, गवत पिवळे पडू लागते. ते मे अखेरपर्यंत हिरवे ठेवायचे तर कूपनलिकांवाचून गत्यंतर नाही, आणि सड्याखालच्या झरींवर तर बागायती तगून असतात. उत्तर गोव्यातल्या तेरेखोलच्या लोकांनी तिथल्या गोल्फ प्रकल्पाला विरोध केला तोही काठी आणि चेंडूला नव्हे, कुळांच्या जमिनी जाणार होत्या म्हणून. सरकारी असो वा खासगी, गोव्यात मैदान आखणाऱ्याने आधी जमीन कोणाची आणि एप्रिलमध्ये पाणी कुठून आणणार, हे सांगितले पाहिजे. मजकूर लिहिणाऱ्याने नेमका हाच मुद्दा सर्वांत शेवटी, अर्ध्या वाक्यात उरकला आहे.