१२८ जीबीचे कार्ड ‘नकली’ असल्याच्या आरोपाबाबत खुलासा

सन्माननीय ग्राहक महोदय,

१२८ जीबीचे म्हणून नकली मेमरी कार्ड दिले, त्यावर गाणी उतरवताना भजनांचा फोल्डर गाळला आणि दोन तासांच्या कामाला दोन दिवस लावले, असे लिहून आपण आम्हाला एक स्टार दिला आहे. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. उशिराबद्दल आपण चार शब्द सुनावले असते तर ऐकून घेतले असते. परंतु ‘नकली’ हा शब्द कोल्हापुरात राजारामपुरीत दुकान चालवणाऱ्याच्या पोटावर येतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

कार्ड बनवणाऱ्या कंपन्या एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोजचा संगणक मात्र १०२४ ला १०२४ ने दोनदा गुणून, म्हणजे १०७ कोटींहून अधिक बाइटना एक जीबी म्हणतो. त्यामुळे १२८ जीबीचे अस्सल कार्डही त्यावर सुमारे ११९ जीबीच दिसते, मग ते आमच्याकडून घ्या की मुंबईहून मागवा. आपली गाणी त्याच संगणकावर १२३ जीबी भरली. ती ११९ मध्ये मावणार कशी?

नकली कार्ड आकडा मोठाच दाखवते. खरी जागा संपल्यावरही ते फाइली घेत असल्याचे भासवते आणि पुढे ती गाणी वाजत नाहीत. म्हणूनच आम्ही प्रत्येक कार्ड आधी काठोकाठ भरून, पुन्हा वाचून तपासतो आणि मगच गाणी उतरवतो. आपला बराचसा वेळ यात गेला. शिवाय हजारो लहान फाइली लिहिताना कार्डाचा वेग एखादी मोठी फाइल लिहिण्याच्या मानाने पुष्कळ घटतो.

आपल्या संग्रहात एकच नाट्यगीत तीन-तीन फोल्डरांत होते. दुबार गाणी काढली असती तर भजने सहज मावली असती, परंतु त्याच संग्रहात देवल क्लब या संगीत संस्थेतील बैठकींची कॅसेटवरून उतरवलेली ध्वनिमुद्रणेही असल्याने आपल्याला न विचारता काही गाळणे आम्हाला योग्य वाटले नाही. विचारायला फोन केला तेव्हा आपण लग्नकार्यात होता आणि “तुम्हीच बघा काय ते” म्हणालात. शेवटचा फोल्डर बाहेर राहिला, तो नेमका भजनांचा. कार्ड हाती देताना हे सांगितलेही होते. पण आपण गाडी रस्त्यातच उभी करून आला होतात, मागून हॉर्न वाजत होते आणि आपले लक्ष तिकडे होते. भजने आपल्या हार्ड डिस्कवर जशीच्या तशी आहेत.

संगणकावर दिसणारी जागा यापुढे पावतीवर लिहून द्यावी असा विचार आहे, वेळेचेही काहीतरी पाहू. आपण कार्ड आणि हार्ड डिस्क घेऊन यावे, भजने विनामूल्य उतरवून देऊ. दुबार गाण्यांपैकी कोणती ठेवायची ते मात्र समोर बसून सांगावे, आणि खात्री पटल्यास तो एक शब्द तरी अभिप्रायातून काढावा, ही विनंती. सोमवारी दुकान बंद असते.