फाटक पडलंय म्हणजे थांबायचं!

आज सकाळी ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनच्या रेल्वे फाटकावर अक्षरशः किंचाळले मी. फाटक पडलेलं. एक बाई दुसरी-तिसरीतल्या पोराचा हात धरून दांड्याखालून शिरली. पोरगं वाकलं, पण पाठीवरचं दप्तर दांड्याला लोंबणाऱ्या सळईत अडकलं. आई पुढे ओढतेय, दप्तर मागे. तेवढ्यात समोरून लोकल धाडधाड गेली. मी म्हटलं, "अहो, मागे या!" तर मलाच, "तुमचं काय जातंय?"

माझं काय जातंय? माझे काका मोटरमन होते, म्हणजे लोकल चालवायचे. इमर्जन्सी ब्रेक मारला तरी भरधाव लोकल शेकडो मीटर पुढे जाऊनच थांबते. हॉर्न वाजवत राहायचं, बस. काकांचा सगळ्यात जास्त राग "एक गाडी गेली ना, चला आता" म्हणणाऱ्यांवर. त्याच गाडीच्या आडून शेजारच्या रुळावर दुसरी येते आणि पहिलीच्या धडधडीत तिचा हॉर्न ऐकूच येत नाही. २०२२ पासून ठाणे-दिवा सहा रेल्वेमार्ग झालेत. सहा! किती बाजूंना बघणार? त्यात कानात इअरफोन.

पूल लांब पडतो, मान्य. गुडघेदुखीवाल्यांचे हाल होतात, तेही मान्य. पण खालून घुसणारे बहुतेक चांगले धडधाकट असतात. आणि "रेल्वेने भिंत बांधावी" म्हणणाऱ्यांनो, बांधलेल्या भिंतीला भगदाडं कोण पाडतं? रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घाबरतंय कोण!

काकांच्या गाडीखाली एकदा एक माणूस आला. तरी गाडी पुढे न्यावीच लागते, नेली त्यांनी. रात्री काकूने ताट वाढलं, तर एवढंच म्हणाले, "त्याच्या हातात जेवणाचा डबा होता." आणि उठले.

असो. लिहिता लिहिता राग जरा उतरला. ते पोरगं रडत काय म्हणत होतं ते आत्ता आठवतंय, "आई, गेट लावतील." शाळेचं गेट. पाच मिनिटं उशीर झाला की पोरं बाहेर उभी, पालकांना चार शब्द सुनावणं वेगळंच. मग आई दांड्याखालून ओढणार नाही तर काय करणार? (तरी चूकच. पण तरी.) फाटकापलीकडच्या पोरांना दहा मिनिटं उशिरा आत घेतलं तर शाळेचं काय बिघडतं? माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये शिक्षक बरेच आहेत, सांगा ना. मी सोमवारी मुख्याध्यापकांना भेटायला जातेय. दिव्यातलं कोण कोण येतंय?