रोज खुडलेल्या रोपाचा बोन्साय होत नाही

सध्या एक सल्ला सगळीकडे पुढे पाठवला जातोय. रोझमेरी, बे लॉरेल, थाइम, कढीपत्ता असं स्वयंपाकात लागणारं कोणतंही रोप आणा, पाणी साचू नये म्हणून उथळ कुंडीत लावा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवा. लागतील तशी पानं रोज तोडा, कारण पानं तोडणं हीच छाटणी. झाड बुटकं राहिल्याने स्वाद एकवटतो आणि काही वर्षांत देखणा बोन्साय, म्हणजे कुंडीत मुद्दाम बुटकं ठेवून घडवलेलं झाड, तयार! विकतचा बोन्साय आणला तर त्याची पानंही धुऊन खा. मूळ कल्पना मला मनापासून आवडते. यांतल्या बऱ्याच झाडांचे सुंदर बोन्साय होतातही. पण या सल्ल्याप्रमाणे वागलं तर झाड बहुधा मरेल, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

‘पानं तोडणं हीच छाटणी.’ सगळ्यांत जास्त नुकसान हा दावा करतो. स्वयंपाकाला कोवळा शेंडा हवा असतो, हाताला येईल तिथला. बोन्सायची छाटणी फांदी कुठे वळावी, कुठला डोळा फुटावा हे ठरवून होते. शिवाय बुंधा भरायचा असेल तर वर भरपूर पाला लागतो, कारण पाल्यात तयार होणाऱ्या अन्नावरच लाकडाचे नवे थर चढतात. म्हणूनच जाणकार सुरुवातीला एखादी खालची फांदी मुद्दाम मोकळी वाढू देतात आणि बुंधा जाड झाला की ती कापून टाकतात. रोज खुडल्या जाणाऱ्या रोपाला ही उसंतच मिळत नाही. ते जगलं तरी बारीकच राहील.

त्यातही प्रत्येक झाडाची तऱ्हा वेगळी. रोझमेरीची फांदी पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापली, तर तिथून सहसा फुटवा येत नाही. फांदी वाळून जाते. कापाल त्याच्या मागे थोडी हिरवी पानं राहिलीच पाहिजेत. बे लॉरेल मात्र जुन्या लाकडातूनही फुटतो, आपल्या बऱ्याच चुका पोटात घालतो. कढीपत्त्याची आपण खालची पानं ओरबाडतो आणि शेंडा तसाच ठेवतो, त्यामुळे झाड वर वर जातं आणि खाली उघडं पडतं. शेंडा कापा, बाजूचे डोळे जागे होतील.

‘उथळ कुंडीत पाणी साचत नाही.’ प्रत्यक्षात उलटं घडतं, आणि रोझमेरी दगावण्याचं हे मोठं कारण आहे. कुंडीला कितीही भोकं असली तरी पाणी निथळून थांबल्यावर तळाशी मातीचा एक थर चिंब राहतो. त्याची उंची ठरते मातीच्या कणांवरून, कुंडीच्या खोलीवरून नाही. समजा, हा थर ३ सेंटिमीटरचा आहे. १५ सेंटिमीटर खोल कुंडीत तो पाचवा हिस्सा झाला. ५ सेंटिमीटरच्या कुंडीत निम्म्याहून जास्त माती चिखल. स्पंज भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबलं की उभा करा. आणखी पाणी गळेल. तीच गोष्ट इथे घडते.

उपाय आहे: साधी बागेची माती न वापरता २ ते ६ मिलिमीटर आकाराचे, चाळून धूळ काढलेले खडबडीत कण वापरायचे. चिंब थर अगदी पातळ होतो आणि मुळांना हवा मिळते. पण अशा मिश्रणात पाणी रोज पाहावं लागतं. रोझमेरीची कडक पानं तहान दाखवत नाहीत. ती माना टाकेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून आधी काही वर्षं खोल कुंडीत बुंधा तयार करायचा, मग दर वेळी थोडीथोडी मुळं कमी करत उथळ कुंडीकडे यायचं. एकदम मोठी मूळछाटणी तिला सोसत नाही.

खिडकीबद्दल थोडक्यात. रोझमेरी, थाइम, बे लॉरेल या भूमध्य सागराकाठच्या झाडांना दिवसाला किमान सहा तास थेट ऊन लागतं. एका बाजूने येणाऱ्या अपुऱ्या उजेडात फांद्या लांबतात, पानं विरळ होतात, भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते. त्यांची जागा बाहेर आहे.

‘बुटकं झाड, घट्ट स्वाद’ हा दावाही याच उजेडाशी येऊन अडतो. रोझमेरी आणि थाइमच्या पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींत सुगंधी तेल असतं. कढीपत्त्यात आणि बे लॉरेलमध्ये ते पानाच्या आत असतं. त्याचं प्रमाण झाडाची जात, ऊन, पाण्याचा ताण आणि पानाचं वय यांवर अवलंबून असतं. बोन्सायमुळे झाडाची जनुकं बदलत नाहीत. सावलीतला बोन्साय उन्हातल्या मोठ्या झाडापेक्षा फिकाच लागेल.

‘कोणतंही झाड चालतं’ हेही खरं नाही. थाइमचं पान मुळातच बारीक, त्यामुळे लहान झाडावर ते शोभतं. बे लॉरेलचं पान बोन्सायमध्येही फारसं लहान होत नाही. त्याचा बोन्साय मोठ्या आकाराचाच करावा. कढीपत्त्याचं लांबलचक संयुक्त पान आटोपशीर होत नाही. त्याच कुळातली कामिनी बोन्सायसाठी कितीतरी सरस, पण तिची पानं कढीपत्ता म्हणून वापरू नका. बेसिल तर बहुधा एका हंगामाचा सोबती.

शेवटचा दावा सर्वांत धोक्याचा: ‘विकतच्या बोन्सायची पानं धुऊन खाता येतात.’ शोभेसाठी वाढवलेल्या झाडांना इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशकं दिलेली असू शकतात. ती मुळांवाटे पानांत पोचतात, धुऊन जात नाहीत, आणि टणक खोडाच्या झाडांत अनेक महिने टिकू शकतात. वाळक्या लाकडाला गंधक-चुन्याचं द्रावण लावायचीही पद्धत आहे. त्यामुळे काय वापरलंय हे विक्रेत्याने नक्की सांगितल्याशिवाय एकही पान तोंडात घालू नका. त्यापेक्षा फवारणी न झालेल्या झाडाच्या फांदीपासून रोझमेरीची दोन रोपं करा, ती सहज मुळं धरतात. एक खोल कुंडीत स्वयंपाकासाठी, दुसरं घडवण्यासाठी. दुसऱ्याची छाटणी कराल तेव्हा निघालेला पाला खुशाल पातेल्यात जाऊ द्या.